थरांचे चुंबकत्व: दख्खनच्या फत्तरापासून बिस्मथच्या स्फटिकापर्यंत

कल्याण तालुक्यात काळू आणि उल्हास या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या आंबिवलीपासून ईशान्येस माहुलीच्या सुळक्यांपर्यंत आणि दक्षिणेस मलंगगडापर्यंत जी भूमी पसरलेली आहे, तिचा पाया काळ्या फत्तराचा, म्हणजे भूशास्त्रात ज्याला बेसाल्ट म्हणतात त्या खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांतून लाव्हारस पुन्हापुन्हा वर आला, दर खेपेस दूरवर पसरून थिजला, आणि थरावर थर चढत जाऊन सह्याद्रीची उंची तयार झाली. घाटात लोहमार्गासाठी किंवा रस्त्यासाठी तासलेल्या कड्यांवर हे थर उघडे दिसतात, आणि दोन थरांच्या सांध्यावर पुष्कळ ठिकाणी विटकरी मातीचा अरुंद पट्टा आढळतो. खालचा थर थंड होऊन त्याची झीज सुरू झाल्यानंतर वरचा थर त्यावर आला, एवढा काळ मध्ये गेला होता, याची ती खूण होय. या खडकात मॅग्नेटाइट नावाच्या लोहाच्या ऑक्साइडाचे बारीक कण विखुरलेले असतात. शुद्ध मॅग्नेटाइटाचे तापमान ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की त्यात चुंबकत्व जागे होते, आणि त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेचे असेल ती दिशा हे कण धरून ठेवतात. खडकातील टायटॅनियममिश्रित कणांत हीच घटना आणखी कमी तापमानाला घडते, एवढाच फरक. थरांनी बनलेल्या पदार्थाच्या चुंबकत्वाचा मुंबईतील अभ्यास सुरू झाला तो याच फत्तरापासून, आणि पुढे साठ-सत्तर वर्षांत तो अशा स्फटिकांपर्यंत पोहोचला की ज्यांचा एकेक थर जेमतेम काही अणूंच्या जाडीचा असतो.

या अभ्यासाला लागणारे उपकरण वेगळ्याच हेतूने जन्माला आले होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांची दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अशी कल्पना होती की स्वतःभोवती फिरणारी कोणतीही मोठी वस्तू केवळ फिरण्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत असावी, आणि पृथ्वीचे क्षेत्र हे त्याचेच उदाहरण असावे. ही कल्पना पडताळण्यासाठी त्यांनी एक अतिशय नाजूक चुंबकत्वमापक बांधला. त्यात एका बारीक धाग्याला दोन सारख्या ताकदीचे चुंबक एकमेकांच्या उलट दिशेने टांगलेले असत, त्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्राचा परिणाम दोहोंवर उलटसुलट होऊन रद्द होई, आणि खालच्या चुंबकाजवळ आणलेल्या वस्तूचा क्षीण परिणामच काय तो धाग्याच्या पिळातून दिसे. सोन्याच्या मोठ्या दंडगोलावर केलेल्या या प्रयोगाचे उत्तर नकारार्थी आले आणि १९५२ साली ब्लॅकेट यांनी ते तसेच प्रसिद्ध केले. कल्पना गेली, उपकरण मात्र राहिले, आणि ते खडकांचे क्षीण चुंबकत्व मोजण्यासाठी वापरात आले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या फत्तरावर केलेली मोजमापे १९५६ साली प्रसिद्ध झाली. ब्लॅकेट आणि होमी भाभा यांचा जुना परिचय असल्यामुळे हेच काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही रुजले. तेथील सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी क्लेग यांच्यासह १९५८ साली राजमहालच्या लाव्हाथरांवर, आणि डॉइच यांच्यासह १९५९ साली दख्खनच्या थरांवर निबंध लिहिले.

हाती आलेले उत्तर दुहेरी होते. सह्याद्रीच्या राशीतील खालचे बहुतेक थर आजच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या मानाने उलट चुंबकित होते आणि महाबळेश्वरच्या उंचीवरचे थर सुलट होते. म्हणजे हे थर साचत असतानाच पृथ्वीच्या उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झाली होती. दुसरे असे की क्षितिजाशी होणारा या चुंबकत्वाचा कल आज मुंबईत चुंबकसुईचा जो कल असतो त्याच्याशी जुळत नव्हता. हा कल अक्षांशावर अवलंबून असल्यामुळे त्यावरून हिशेब केला असता असे निघाले की हा लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर होती. आजचे तिचे स्थान लक्षात घेतले तर मधल्या काळात ती सुमारे पाच हजार किलोमीटर उत्तरेकडे सरकली. भूखंडे सरकतात ही गोष्ट बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते अशा काळात हा पुरावा पुढे आला, आणि तो आपल्या अंगणातल्या दगडातून आला, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सर्व इतिहास त्याच भेदावर उभा आहे. फत्तराचे थर एकमेकांच्या चुंबकत्वात लक्ष घालीत नाहीत. खालचा थर उलट असला म्हणून वरचा सुलट होत नाही, प्रत्येक थर आपापल्या काळच्या पृथ्वीकडे पाहून दिशा ठरवतो. स्फटिकातील अणूंच्या थरांचे तसे नसते. तेथे शेजारचा थर काय करतो आहे यावर प्रत्येक थराची दिशा ठरते, आणि संपूर्ण पदार्थ चुंबक म्हणून वागेल की नाही, त्यातून वीज कशी वाहील, हे एका थरापेक्षा थराथरांमधील नात्यावरच अधिक अवलंबून असते. एखादा पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा आहे हे सांगितले म्हणजे त्याचे चुंबकत्व कळले, अशी जुनी समजूत होती. ती मागे पडली ती या जाणिवेमुळे.

अणूंच्या चुंबकत्वाकडे जाणारी वाट मुंबईत आधीच पडलेली होती, आणि ती रसायनशास्त्राच्या दारातून आली होती. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, माता प्रसाद यांच्या हाताखाली संयुगांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेची मोजमापे होत असत. बाहेरून लावलेल्या क्षेत्राला पदार्थ किती आणि कोणत्या दिशेने प्रतिसाद देतो त्याला ग्रहणशीलता म्हणतात. त्या परंपरेतून आलेले शंकर धर्मट्टी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत गेले, आणि अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की मद्यार्काच्या एकाच रेणूतील हायड्रोजनची केंद्रके, ती रेणूत कोठे बसली आहेत त्यानुसार, चुंबकीय अनुस्पंदनाचे तीन वेगवेगळे संकेत देतात. आज रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा हा आरंभकाळ होता. धर्मट्टींनी ही विद्या टाटा संस्थेत आणली, आणि पुढे आर. विजयराघवन यांच्या नेतृत्वाखाली तिचा रोख धातूंच्या व मिश्रधातूंच्या चुंबकत्वाकडे वळला. मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात, १९५६ साली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० साली सायरस आणि १९८५ साली ध्रुव. पी. के. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भट्ट्यांतून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांचा उपयोग पदार्थांच्या अभ्यासासाठी केला. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसला तरी तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो, म्हणून स्फटिकातून विखुरलेल्या न्यूट्रॉनांच्या कोनांवरून आतल्या अणुचुंबकांची मांडणी वाचता येते. एका थरातले अणुचुंबक एकीकडे आणि पुढच्या थरातले उलटीकडे, अशी मांडणी असली तर पदार्थ बाहेरून चुंबक नसल्यासारखाच वाटतो. या अवस्थेला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात, आणि न्यूट्रॉनांशिवाय तिचा थेट पत्ता लागणे कठीण असते.

याच काळात जगभरच्या प्रयोगशाळांना एक जुना प्रश्न सतावीत होता. काही धातू अतिशय थंड केले की त्यांचा विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होतो आणि ते चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगातून बाहेर ढकलतात. ही अतिसंवाहकता होय. ती इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमुळे येते, जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे सूक्ष्म चुंबकत्व परस्परांच्या उलट असते, आणि म्हणून जवळपास चुंबकीय अणू असला की जोडी फुटते. १९५८ साली मथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की लँथॅनम धातूत शेकडा एक इतकेच गॅडोलिनियम मिसळले तरी त्याची अतिसंवाहकता जवळजवळ संपुष्टात येते. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एका घरात नांदत नाहीत, असा नियमच त्यातून रूढ झाला. १९७७ साली एर्बियम-ऱ्होडियम-बोरॉनच्या एका संयुगात वेगळे दृश्य दिसले. ते ८.७ केल्व्हिनला अतिसंवाहक झाले आणि ०.९ केल्व्हिनच्या आसपास, चुंबकत्व उगवताच, पुन्हा साधा धातू बनले. शून्याखाली २७३ अंशांना सुरू होणाऱ्या केल्व्हिन मापनाच्या अगदी तळाशी घडणारी ही गोष्ट होती, त्यामुळे दोन प्रवृत्तींची झुंज तपशिलाने पाहण्यास तेथे फारसा वाव नव्हता.

तो वाव मिळाला कुलाब्यात. १९९०च्या दशकाच्या आरंभी टाटा संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर आणि विजयराघवन यांचा गट विरल मृदा मूलद्रव्ये, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांचे चुंबकत्व तपासत होता. पवईच्या आयआयटीतील बी. डी. पाडलिया यांचे विद्यार्थी चंदन मजुमदार आणि झाकिर हुसेन या कामात होते, आणि फ्रान्समधील सी. गोदार यांचेही त्यात सहकार्य होते. असे नमुने आर्क भट्टीत तयार करतात. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या तबकडीवर मोजून घेतलेले धातूंचे तुकडे ठेवायचे, भट्टीतील हवा काढून आरगॉन वायू भरायचा, विजेच्या ज्वालेने तुकडे वितळवून त्यांची गोळी करायची, ती उलटवून पुन्हा वितळवायची, आणि सर्वत्र सारखे मिश्रण झाले असे वाटेपर्यंत हे करीत राहायचे. अखेरीस गोळी तोलून वितळण्यात किती वजन घटले ते पाहायचे. इट्रियमचा एक भाग, निकेलचे चार आणि बोरॉनचा एक अशा प्रमाणातील नमुना थंड करीत नेला असता सुमारे १२ केल्व्हिनला त्यात अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली.

ही खूण इतकी क्षीण होती की नमुन्याचा अगदी थोडा भागच अतिसंवाहक असावा हे उघड होते, आणि नमुन्यात भेसळ आहे असे म्हणून तो बाजूला ठेवणे कोणालाही सोपे गेले असते. त्यातून निकेल हा तर चुंबकाला चिकटणारा धातू. निकेलने भरलेल्या मिश्रणात १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता असावी ही गोष्टच रूढ समजुतीच्या विरुद्ध होती. या गटाने ती खूण १९९३ साली प्रसिद्ध केली आणि तिचा पाठपुरावा चालू ठेवला. जो अल्पसा भाग अतिसंवाहक होता तो नमुन्याच्या ठरलेल्या घडणीचा नव्हता. त्यात तीन मूलद्रव्यांपलीकडचे काहीतरी शिरले होते. ते चौथे मूलद्रव्य कार्बन ठरले. कार्बनचा अल्प अंश जाणीवपूर्वक मिसळताच खूण ठसठशीत झाली आणि नमुन्याचा मोठा भाग अतिसंवाहक बनला. फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकात जानेवारी १९९४ मध्ये हा निबंध आला. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कावा आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये ल्युटेशियम-निकेल-बोरॉन-कार्बनचे शुद्ध संयुग आणि झीग्रिस्ट यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली, तसेच पॅलेडियम असलेल्या भावंडात ही सीमा २३ केल्व्हिनपर्यंत जाते हेही दाखवले. १९७३पासून धातूंच्या संयुगांत नायोबियम-जर्मेनियमच्या नावावर असलेल्या विक्रमाच्या ती जवळ होती. रचना उकलण्याचे श्रेय बेल प्रयोगशाळेचे आहे, यात शंका नाही. परंतु या कुळाचा शोध लागला तो कुलाब्यातील एका पुसट खुणेतून, आणि परदेशी ग्रंथांत तो क्रम कधीकधी उलटा वाटावा अशा रीतीने मांडला जातो, म्हणून तारखांसह तो येथे नोंदवणे अगत्याचे आहे.

या संयुगांची रचना थरांची निघाली. विरल मृदा आणि कार्बन यांच्या अणूंची एक पातळ चादर, तिच्यावर निकेल आणि बोरॉनचा थर, पुन्हा चादर, पुन्हा थर, अशी ती उतरंड आहे. वीज मुख्यत्वे निकेलच्या थरांशी निगडित इलेक्ट्रॉन वाहून नेतात आणि या घडणीत निकेलला स्वतःचे चुंबकत्व उरत नाही. चुंबकत्व असते ते चादरींतील विरल मृदेच्या अणूंत. इट्रियम किंवा ल्युटेशियम या अचुंबकीय अणूंच्या जागी थुलियम, एर्बियम, होल्मियम, डिस्प्रोसियम असे अधिकाधिक चुंबकीय अणू बसवत गेले की अतिसंवाहकतेची सीमा सोळा-साडेसोळा केल्व्हिनवरून पायरीपायरीने उतरत सहा केल्व्हिनपर्यंत येते आणि चुंबकीय मांडणीची सीमा दीड केल्व्हिनवरून चढत दहाच्या पुढे जाते. होल्मियमपाशी या दोन सीमा अगदी लगत येतात, आणि म्हणून होल्मियमचे संयुग या इतिहासातील सर्वांत बोलके पात्र ठरले.

ते सुमारे आठ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. सहा केल्व्हिनच्या आसपास होल्मियमचे अणुचुंबक रांगेला लागतात, आणि पाच केल्व्हिनजवळ अतिसंवाहकता इतकी दुबळी होते की लहानशा बाह्य क्षेत्रातही विद्युतरोध परत येतो. आणखी थंड केले की ती पुन्हा सावरते. अमेरिकेतील दोन गटांनी १९९४ मध्ये न्यूट्रॉनांच्या साहाय्याने याचे कारण वाचले. पाच केल्व्हिनच्या खाली प्रत्येक चादरीतील सर्व अणुचुंबक एकाच दिशेला असतात आणि लगतच्या चादरीतील नेमके विरुद्ध दिशेला, म्हणजे १८० अंशांनी फिरलेले. इलेक्ट्रॉनांची जोडी अनेक चादरींवर पसरलेली असल्याने तिला एका चादरीचा धक्का बसतो आणि पुढच्या चादरीचा प्रतिधक्का तो मिटवतो, त्यामुळे जोडी तगून राहते. पाच ते सहा केल्व्हिनच्या अरुंद पट्ट्यात मात्र चादरींमधला हा कोन १८० ऐवजी सुमारे १६३ अंशांचा असतो, चादरीगणिक दिशा मळसूत्रासारखी वळत जाते, शिवाय चादरीच्या पातळीतही चुंबकत्वाची एक लहर उठते. धक्का-प्रतिधक्क्याची बेरीज शून्य होत नाही आणि जोड्या फुटू लागतात. सतरा अंशांच्या फरकाने पदार्थाचा स्वभाव पालटतो, हे यात दिसले. चुंबकत्व अतिसंवाहकतेचे वैरी आहे हा नियम अपुरा होता. थरांचे चुंबकत्व परस्परांना कसे लागलेले आहे, हा खरा प्रश्न होता.

थरांच्या या प्रश्नाला पुढे एका नव्या विचाराची जोड मिळाली, आणि तो गणिताच्या संस्थितिविज्ञान या शाखेतून, म्हणजे टोपॉलॉजीतून आला. आकार ताणला, दाबला, वाकवला तरी जी गोष्ट बदलत नाही तिचा अभ्यास ही शाखा करते. पट्ट्याला पीळ देऊन त्याची टोके शिवून टाकली, तर तो पीळ पट्टा कापल्याशिवाय निघत नाही, आणि पिळांची संख्या पूर्णांकातच मोजावी लागते; स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या तरंगांनाही असे न उलगडणारे पीळ असू शकतात. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना ग्रनोबल येथे दिसले की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ थराचा आडवा विद्युतरोध २५,८१२.८ ओहम या राशीच्या पूर्णांक विभागांतच पायऱ्यांनी बदलतो. डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सांगितले की हा पूर्णांक म्हणजे तरंगांचा पीळच आहे. १९८८ मध्ये डंकन हॉल्डेन यांनी त्यापुढे जाऊन दाखवले की बाहेरचे क्षेत्र मुळीच नसतानाही पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकीय घडणीमुळे असा पीळ पडू शकेल. त्यासाठी पदार्थ कोठून आणायचा, हे मात्र तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते.

पदार्थ मिळाले ते बिस्मथच्या घराण्यात. अणू जड असला की इलेक्ट्रॉनाची गती आणि त्याचे सूक्ष्म चुंबकत्व घट्ट जखडले जातात, आणि पीळ पडण्यास ती अनुकूल स्थिती असते. २००५पासून केन, मेले, फू, बर्नेविग, ह्यूजेस आणि झांग यांनी याचे सिद्धांत मांडले, २००७ मध्ये व्युर्त्सबुर्ग येथे पाऱ्याच्या टेल्युराइडाच्या पातळ थरात पहिला पुरावा मिळाला, २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या हसन यांच्या गटाने बिस्मथ-अँटिमनीत आणि पुढच्या वर्षी बिस्मथ सेलेनाइडात तो दाखवला. या पदार्थांचे अंतरंग वीज वाहू देत नाही, पृष्ठभाग मात्र वाहू देतो, आणि पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन ज्या दिशेने जातो तिच्याशी त्याच्या चुंबकत्वाची दिशा बांधलेली असते. काळाची दिशा उलटी केली तरी नियम बदलू नयेत, या समतेने हा पृष्ठप्रवाह राखलेला असतो. पदार्थात चुंबकत्व आणले की ती समता मोडते, पृष्ठभागावरची वाट बंद होते आणि केवळ काठाने, एकाच दिशेने, रोधाविना वाहणारी धार उरते. हॉल्डेन यांचे भाकीत ते हेच. बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात श्वे चीखुन यांच्या गटाने २०१३ मध्ये क्रोमियम मिसळलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडाच्या पापुद्र्यात ते प्रत्यक्षात आणले, पण त्यासाठी त्यांना केल्व्हिनच्या सुमारे ०.०३ इतक्या तापमानापर्यंत उतरावे लागले.

बिस्मथ चुंबकत्वाच्या इतिहासात जुनाच आहे. चुंबक त्याला दूर लोटतो ही गोष्ट ब्रुगमन्स यांनी १७७८ मध्ये पाहिली होती, फॅरडे यांनी १८४५ मध्ये तिला प्रतिचुंबकत्व हे शास्त्रीय रूप दिले, आणि १९३० मध्ये लायडन येथे बिस्मथच्याच स्फटिकात चुंबकत्वाची अशी हेलकावणी आढळली की तीवरून धातूंतील इलेक्ट्रॉनांचे नकाशे काढण्याची विद्या उभी राहिली. त्याचा स्फटिकही जोडथरांचा असतो आणि वीज वाहणारे इलेक्ट्रॉन त्यात लाख अणूंमागे एक इतके विरळ. इतक्या विरळ इलेक्ट्रॉनांतून अतिसंवाहकता येणे रूढ सिद्धांताला धरून नव्हते, आणि बिस्मथच्या निर्दोष स्फटिकात ती तोवर सापडलेलीही नव्हती. टाटा संस्थेत ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी तांब्याच्या अणुकेंद्रकांचे चुंबकत्व सावकाश उतरवून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रात बिस्मथचा अतिशुद्ध स्फटिक ठेवला आणि तो ०.५३ मिलिकेल्व्हिनला, म्हणजे केल्व्हिनच्या सुमारे दोनहजाराव्या भागाला, अतिसंवाहक होतो असे दाखवले. हा निबंध सायन्स या नियतकालिकात २०१६च्या डिसेंबरात जाहीर झाला आणि २०१७च्या जानेवारीत छापून आला. ही अतिसंवाहकता केवळ ५.२ मायक्रोटेस्ला इतक्या क्षेत्राने मोडते, आणि मुंबईत पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या सुमारे आठपट आहे. त्यामुळे स्फटिकाभोवती चुंबकीय आडोसा उभारून पृथ्वीला बाहेर ठेवणे हाच प्रयोगाचा अर्धा भाग होता. सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी ज्या क्षेत्राचा ठसा फत्तरात शोधला, त्याच क्षेत्राला त्याच संस्थेत दोन पिढ्यांनंतर अडवावे लागले. शुद्ध बिस्मथला तोपर्यंत पीळ नसलेलाच पदार्थ मानत असत. २०१८ मध्ये मात्र असे निष्पन्न झाले की त्याचा पीळ पृष्ठभागावर न दिसता स्फटिकाच्या कडांवर, रेघेसारख्या वाहक वाटांच्या रूपाने दिसतो.

टाटा संस्थेतच मंदार देशमुख यांच्या गटाने थर सोलून वेगळे करण्याच्या विद्येवर काम उभारले आहे. ज्या स्फटिकांचे थर परस्परांना अगदी सैल धरलेले असतात त्यांचा एकेक पापुद्रा चिकटपट्टीने उचलता येतो. ग्राफीनच्या दोन जोडथरांना किंचित वळवून एकमेकांवर ठेवले की इलेक्ट्रॉनांचा पीळ विद्युत दाबाने बदलता येतो, आणि हा बदल विजेच्याच मापनातून ओळखण्याची रीत या गटाने कानपूरच्या आयआयटीतील अमित अग्रवाल यांच्यासह २०२२ मध्ये दाखवली. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, थमिळवेल यांच्या सहभागाने त्यांनी क्रोमियम क्लोराइडात चुंबकत्वाच्या स्थिर लहरी नोंदल्या होत्या. या पदार्थाची १४ केल्व्हिनखालची मांडणी होल्मियमची आठवण करून देणारी आहे: थरात सर्व अणुचुंबक एका दिशेला, पुढच्या थरात उलट दिशेला. थरांमधला हा धागा इतका नाजूक असतो की साध्या प्रयोगशाळेतील चुंबकाने तो ताणून थरांना एका दिशेला वळवता येते.

मँगनीज बिस्मथ टेल्युराइडात या साऱ्या वाटा एकत्र आल्या आहेत. अणूंच्या सात पातळ्यांचा एक थर, त्याच्या मधोमध मँगनीजची चुंबकीय पातळी, आणि सुमारे २५ केल्व्हिनखाली थराआड थर उलटी दिशा. चुंबकत्व बाहेरून मिसळलेले नसून रचनेतच बसलेले आहे, आणि पीळही त्याच रचनेत आहे. २०१९ मध्ये ओट्रोकोव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली. पापुद्र्यात थरांची संख्या विषम असली तर एका थराचे चुंबकत्व शिल्लक राहते आणि काठाने वीज वाहते; फुदान विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये पाच थरांच्या पापुद्र्यात, बाहेरचे क्षेत्र नसताना, १.४ केल्व्हिनला हे पाहिले. संख्या सम असली तर बेरीज शून्य होते आणि पदार्थ वेगळ्याच अवस्थेत जातो. ती चिंगह्वात सहा थरांच्या पापुद्र्यात दिसली. एक थर अधिक की उणा यावर सर्व अवलंबून असल्याने येथेही थरांचे नातेच निर्णायक ठरले.

तथापि चुंबकीय मांडणी २५ केल्व्हिनपर्यंत टिकत असताना काठावरची धार इतक्या कमी तापमानालाच का दिसते, या प्रश्नाचे मुख्य उत्तर स्फटिकाच्या जडणघडणीतच शोधले जात आहे. या संयुगाचा स्फटिक ६०० अंश सेल्सिअसच्या जेमतेम खाली, तापमानाच्या अतिशय अरुंद पट्ट्यात वाढतो, आणि वाढताना मँगनीज व बिस्मथ यांचे काही अणू एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. चुकीच्या पातळीवर बसलेला प्रत्येक मँगनीज आपल्या थराच्या चुंबकत्वाला थोडासा विरोध करतो. म्हणूनच सिद्धांत बराच पुढे गेलेला असतानाही, १९९३ साली कुलाब्यात कार्बनच्या अल्पशा अंशाने निकेलच्या गोळीचा स्वभाव बदलला होता त्याप्रमाणे, या क्षेत्रातील पुढची पायरी शुद्ध स्फटिक वाढवणाऱ्यांच्या भट्टीपाशी अडून आहे.